अंगण वाकडंच असेल तर?

५० मीटरवर पत्र्याचा एक कावळा उभा असतो. त्याच्या छातीत ४० मिलिमीटरचं गोल भोक आणि भोकामागे एक पाकळी. छर्रा भोकातून आत गेला की पाकळी मागे ढकलली जाते आणि कावळा आडवा होतो. काठाला लागला तर तो जागचा हलत नाही, रंगावर राखाडी ठिपका तेवढा उमटतो. सरावाच्या एका सकाळी माझे असे सहा ठिपके उमटले, सगळे भोकाच्या खालच्या काठाला. मधेच दोनदा, मी वेगळं काहीही केलेलं नसताना, कावळा पडलासुद्धा. त्या दोन पडलेल्या कावळ्यांनी मला पुढचे आठ महिने छळलं. आठही काठाला लागले असते तर मी चूक हिशेबात धरून मोकळा झालो असतो.

या खेळाला फील्ड टार्गेट म्हणतात. १९८०च्या सुमारास तो ब्रिटनमध्ये सुरू झाला. एअर रायफल, पत्र्याचे पशुपक्षी, आणि लक्ष्य किती लांब आहे हे कोणी सांगत नाही. रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीच्या बाजूचं चाक फिरवून चित्र स्वच्छ करायचं, चाकावर आपणच केलेल्या खुणेवरून अंतर वाचायचं, मग वरचा टरेट, म्हणजे नेम वरखाली करायची टकटक आवाज करत फिरणारी फिरकी, तेवढे क्लिक फिरवायचा आणि नेम धरायचा. पुढच्या लक्ष्याला पुन्हा तेच. ऑलिम्पिकच्या १० मीटर एअर रायफलला दुर्बीण चालतच नाही, तिथे बारीक छिद्रातून बघायचं असतं. आमच्याकडे मात्र अर्धा खेळ दुर्बिणीचा. टरेटवर ३० म्हटलं की दुर्बिणीतली नेम धरायची फुली ३० क्लिकच सरकली पाहिजे, आणि शून्यावर आणला की शून्यावरच आली पाहिजे. एवढीच तिच्याकडून अपेक्षा, पण ही अपेक्षा मोडली की हातात उरते ती फक्त एक चांगली दिसणारी नळी.

पहिला संशय अर्थात मी स्वतःवरच घेतला. नेमबाजीत हा शिरस्ताच आहे. नेम चुकला आणि माणूस बंदुकीला दोष द्यायला लागला की आजूबाजूचे गालातल्या गालात हसतात. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि बहुतेक वेळा हसणाऱ्यांचंच बरोबर असतं, हे मी आधीच कबूल करून टाकतो. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगा सैल असतात, किंवा इतक्या आवळलेल्या असतात की नळीच दाबली जाते. छऱ्यांचा डबा बदललेला असतो. गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो आणि पॅरॅलॅक्समुळे, म्हणजे डोळ्याची जागा बदलल्याने, फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. मी हे सगळं एकेक करून बाद केलं. रायफलीची नळी साफ केली, तीन प्रकारचे छर्रे वजन करून वापरले, रिंगा काढून टॉर्क पान्याने पुन्हा बसवल्या. श्वासोच्छ्वासावरसुद्धा महिनाभर काम केलं. ठिपके खालच्या काठालाच, आणि मधेच एखादा कावळा आडवा.

आमच्यातले एक वयस्कर नेमबाज हे सगळं लांबून बघत होते. एकदा जवळ येऊन म्हणाले, "टरेट फिरवलास ना, की त्याला दोन टिचक्या मार आणि मग छर्रा झाड." मारल्या. कावळा पडला. पुढचाही पडला. त्यापुढचाही.

टिचकीत जादू नाही. दुर्बिणीच्या बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. तिच्यात उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं बसवलेली असतात. ही आतली नळी एका टोकाला सांध्यावर टेकलेली, दुसरं टोक मोकळं. टरेट फिरवला की त्याचा स्क्रू त्या मोकळ्या टोकाला ढकलतो, आणि समोरच्या अंगाला एक स्प्रिंग त्याला स्क्रूवर दाबून धरते. म्हणजे एका दिशेला स्क्रू काम करतो आणि उलट दिशेला स्क्रू नुसता मागे हटतो. नळीने त्याच्यामागून यायचं ते स्प्रिंगच्या भरवशावर. स्प्रिंग अशक्त असेल, सांधा घट्ट असेल किंवा वंगण चिकट झालं असेल, तर स्क्रू मागे सरतो आणि नळी जरा वेळ तिथेच रेंगाळते. टरेटवरचा आकडा बदललेला असतो, क्लिकचा आवाजही आलेला असतो, फुली मात्र अर्धवट वाटेत थांबलेली. मग कसला तरी धक्का बसला की ती उरलेली वाट चालते. काडतुसाच्या रायफलीत हा धक्का पहिल्या गोळीलाच मिळतो आणि दुसरी गोळी बरोबर जाते. माझी एअर रायफल आधी भरून ठेवलेल्या हवेवर चालते, तिला धक्का जवळपास नाहीच. म्हणून टिचकी.

आता हे नुसत्या टिचकीवर सिद्ध होत नाही, याची मला जाणीव होती. म्हणून मी रायफल बाजूला ठेवली आणि दुर्बीण एका जड लोखंडी शिकंज्यात आवळली. २५ मीटरवर ३० सेंटिमीटरची पट्टी उभी लावली. माझ्या दुर्बिणीचा एक क्लिक ०.१ मिलचा. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, तेव्हा २५ मीटरवर एक क्लिक अडीच मिलिमीटर आणि १०० क्लिक बरोबर २५ सेंटिमीटर. टरेट वर चढवला की फुली पट्टीवरून खाली उतरते, कारण मग तिला पुन्हा लक्ष्यावर आणायला बंदूकच वर उचलावी लागते. शंभर क्लिक मोजले, शिकंज्याला हात न लावता डोळा लावला. फुली २४ सेंटिमीटरवर. टरेटला टिचकी मारली. फुली माझ्या डोळ्यांदेखत, मांजरीने अंग ताणावं तशी, सरकत २५वर आली. शून्यावर परत आणली, तिथे चूक नाही. पुन्हा वर, या वेळी साडेचोवीस. असं दहा वेळा केलं. दोनदा ती एकदम २५वर गेली, आठ वेळा अडकली. मित्राची दुर्बीण त्याच शिकंज्यात, त्याच पट्टीसमोर धरली. दहाच्या दहा वेळा २५.

२४ सेंटिमीटर म्हणजे चार क्लिक कमी. ५० मीटरवर चार क्लिक म्हणजे २ सेंटिमीटर. आणि ४० मिलिमीटरच्या भोकाची त्रिज्या? दोन सेंटिमीटर. खालच्या काठावरचे ते सहा राखाडी ठिपके मला त्या क्षणी वर्गातल्या हजेरीसारखे एका ओळीत उभे दिसले.

इथवरची गोष्ट यंत्राची, आणि यंत्राबद्दल माझी फारशी तक्रार नाही. स्प्रिंगा बिघडतात. हजारोंनी बनणाऱ्या वस्तूत काही खराब निघणारच. खरी गोष्ट पुढे आहे.

मी कंपनीला लिहिलं. उत्तरादाखल एक तक्रार क्रमांक आला. चार दिवसांनी एक यादी आली: रिंगा तपासल्या का, छर्रे कोणते, वारा होता का, रायफल कुणी जाणकाराने बघितली का. यादी चांगलीच होती, त्यातलं सगळं मी केलेलं होतं, तसं कळवलं. मग दुर्बिणीतून दिसणारं दृश्य चित्रित करून मागितलं. फोन भिंगापुढे धरून तेही पाठवलं. त्यावर दुसऱ्या नावाच्या व्यक्तीचं उत्तर आलं, आणि त्यात पुन्हा पहिल्यापासून विचारलं होतं, रिंगा तपासल्या का. शेवटी दुर्बीण पाठवायला सांगितली, जाण्याचा खर्च माझा. सहा आठवड्यांनी ती परत आली. डब्यात एक चिठ्ठी होती, तिच्यात दोन वाक्यं: "उत्पादन तपासले. स्पेसिफिकेशननुसार असल्याचे आढळले." खाली सही नाही, आकडा नाही. शिकंज्यात लावली. २४.

मी ही चिठ्ठी जपून ठेवली आहे. राग जरा निवल्यावर वाटतं, त्या तपासणाऱ्याने खोटं लिहिलं नसेलही. दुर्बीण वाटेत कुरिअरच्या गाडीत सहा दिवस हादरत गेली. त्याने एकदा टरेट वर नेला, खाली आणला, आणि नेमकी त्या वेळी ती २५वर गेली असेल. माझ्याकडेही दहात दोनदा गेलीच होती. म्हणजे त्याने बघितलं ते खरं आणि मी बघितलं तेही खरं. असा मधूनच डोकं वर काढणारा दोष दुरुस्ती करणाऱ्या कुठल्याही माणसाचा शत्रू असतो. पण मग प्रश्न असा की त्याने किती वेळा बघितलं? किती क्लिक फिरवले? एका दिशेने की दोन्ही? किती फरक मिळाला आणि किती फरक चालतो? हे चार आकडे चिठ्ठीत असते, तर आमच्यातला वाद दहा मिनिटांत मिटला असता. "दहापैकी आठदा चूक दिसते, तुम्ही दहादा करून बघा" एवढंच मला लिहायचं होतं. पण आकडा नसलेल्या निर्णयाला उत्तर काय देणार?

माझं म्हणणं या चिठ्ठीपुरतंच आहे. कंपनी उद्धट होती असं नाही, उलट प्रत्येक पत्राच्या शेवटी आभार होते. हमीही नाकारली नाही. फक्त वस्तू चांगली की वाईट हे ठरवायचा अधिकार पूर्णपणे स्वतःकडे ठेवला, आणि कशाच्या आधारावर ठरवलं ते सांगितलं नाही. "स्पेसिफिकेशननुसार" हा शब्द तिथे निकालासारखा वापरला आहे, पण ते स्पेसिफिकेशन मी कधी पाहिलेलं नाही. डब्यावर एका क्लिकला ०.१ मिल लिहिलं होतं. ०.१ म्हणजे नेमकं ०.१, की ०.०९६ चालेल? शंभर क्लिकला चार कमी चालतात का? पुस्तिकेत नाही, जाहिरातीत नाही, विचारलं तरी नाही. अंगण सरळ आहे असं सांगणाऱ्याच्या हातात ओळंबा आहे, आणि तो ओळंबा दाखवायला मात्र तयार नाही.

वस्तू विकताना चुकीची मर्यादा छापणं हे काही अशक्यप्राय काम नाही. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटर, म्हणजे खास अचूक घड्याळ, म्हणून प्रमाणपत्र मिळवणारं मनगटी घड्याळाचं यंत्र १५ दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत तपासलं जातं. दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, ही त्याची मर्यादा जगजाहीर आहे. बाहेर पडलं तर प्रमाणपत्र नाही. घरी रक्तातली साखर मोजायचं छोटं यंत्र घ्या. त्याच्यासाठीच्या २०१३च्या आयएसओ प्रमाणकात लिहिलंय की १०० मिलिग्रॅमच्या वर ९५ टक्के वाचनं प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के आत असली पाहिजेत. म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत चुकेन असं यंत्र उघड सांगतं, आणि तरीही लोक ते घेतात, त्याच्यावर औषधाची मात्रा ठरवतात. आकडा उघड केला की गिऱ्हाईक पळेल ही भीती खोटी आहे.

बंदुकीच्या जगात तर त्रयस्थाने तपासणं ही जुनीच रीत. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने उभं राहिलं. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून नळी तिथे उडवून बघतात, टिकली तर तिच्यावर शिक्का मारतात. शिक्का कारखानदाराने मारायचा नसतो, हे त्यातलं महत्त्वाचं. मान्य, तिथे प्रश्न जिवाचा आहे, नळी फुटली तर हात जातो. दुर्बीण चुकली तर कावळा उभा राहतो इतकंच. पण जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे दोन सेंटिमीटरची चूक म्हणजे जागच्या जागी न मरता फरफटत गेलेलं जनावर, हेही विसरू नये. दुर्बिणींसाठीही आयएसओ १४१३५ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणक आहे. माझ्या डब्यावर, पुस्तिकेवर, त्या चिठ्ठीवर त्याचा उल्लेख कुठे नव्हता.

पूर्वी हे असं नव्हतं, आणि त्याचं कारण कुणाची सचोटी हे नव्हे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये विल्यम माल्कम १८५५पासून रायफलीसाठी दुर्बिणी बनवू लागला. त्या लांबलचक नळ्या होत्या आणि नेम जुळवायचे स्क्रू बाहेर, माउंटवर, म्हणजे दुर्बीण रायफलीवर बसवणाऱ्या पकडीवर. अख्खी दुर्बीणच वरखाली व्हायची. स्क्रू सरकला आणि नळी सरकली नाही, तर ते उघड्या डोळ्यांना दिसायचं, लोहारालाही दिसायचं. पुढे हे सगळं आत गेलं. नळीत धुकं धरू नये म्हणून आतली हवा काढून नायट्रोजन भरतात आणि सांध्यांना रबरी कडी लावून ती बंद करतात. पावसात, थंडीत वापरणाऱ्याला याचा मोठा फायदा, त्याबद्दल कुरकुर नाही. पण त्याबरोबर दुर्बीण पेटीबंद झाली. उघडली तर नायट्रोजन गेला आणि हमीही गेली. बघता येत नाही, उघडता येत नाही, आणि आत काय आहे हे ज्याला माहीत आहे तोच न्यायाधीश.

अर्थशास्त्रात या अवस्थेवर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली लिहून ठेवलंय. उदाहरण जुन्या मोटारींचं. विकणाऱ्याला गाडीची कुंडली ठाऊक असते, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा कुठलीही गाडी भंगार निघू शकते असं धरून भाव पाडतो, त्या भावाला चांगली गाडी कोणी विकायला आणत नाही, आणि बाजारात भंगारच उरतं. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं ते या कामासाठीच. यावर उतारा म्हणून त्यांनी जे सांगितलं त्यात हमीही होती. विकणाऱ्याने हमी दिली की घेणाऱ्याची भीती जाते.

माझ्या दुर्बिणीलाही हमी होती, आणि तीही साधी नाही, आजीवन. हा शब्द दुर्बिणींच्या धंद्यात इतका सर्रास झालाय की त्याशिवाय डबा छापतच नसावेत. कुणाचं आजीवन? माझं, दुर्बिणीचं, की कंपनीचं? अमेरिकेत जाहिरातींसाठीच्या सरकारी मार्गदर्शक नियमांत याबद्दल स्वतंत्र कलम घालावं लागलंय, की "लाइफटाइम" म्हणताना कुणाचं आयुष्य ते स्पष्ट करा. तिथला १९७५चा मॅग्नुसन-मॉस कायदाही कंपनीवर हमी देण्याची सक्ती करत नाही. द्यायचीच असेल तर ती पूर्ण आहे की मर्यादित ते स्वच्छ लिहा, एवढं सांगतो. म्हणजे हा घोळ नवा नाही.

पण माझा आक्षेप शब्दाच्या अर्थावर नाही. आजीवन हमीचा हिशेब कसा बसतो ते बघा. कारखान्यातून निघणारी प्रत्येक दुर्बीण शिकंज्यात लावून शंभर क्लिक वर, शंभर क्लिक खाली, दहा वेळा करायचं तर माणूस लागतो, वेळ लागतो. त्यापेक्षा सगळ्याच बाहेर सोडा. ज्यांना दोष जाणवेल ते परत पाठवतील. बरेच जण टरेट एकदा जुळवून आयुष्यभर हात लावणार नाहीत, त्यांना कळणारच नाही. काहींना कळेल, पण ते स्वतःच्या नेमाला दोष देत राहतील, जसा मी आठ महिने दिला. काही जण कुरिअरचा खर्च आणि सहा आठवडे बघून गप्प बसतील. उरलेल्या थोड्यांना दुर्बीण बदलून दिली तरी कंपनी फायद्यात. शेवटची तपासणी करणारा माणूस कारखान्याच्या पगारपत्रकावर नसतो. तो दुर्बीण विकत घेतो. अ‍ॅकरलॉफ यांची हमी विकणाऱ्याला महाग पडते म्हणून विश्वासाची. ही हमी घेणाऱ्याला महाग पडते.

युरोपात कायद्याने हा भार थोडा तरी उचलला आहे. युरोपीय संघाच्या १९९९च्या निर्देशाने तिथे विक्रेत्यावर दोन वर्षांची जबाबदारी टाकली, आणि पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरायचं, नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचं, असा नियम केला. २०१९च्या नव्या निर्देशाने सहा महिन्यांचं एक वर्ष केलं. या एका कलमात मला खूप शहाणपण दिसतं. वाद काय आहे यापेक्षा पुरावा कोणी आणायचा, यावर बहुतेक वाद जिंकले-हरले जातात. ज्याच्याकडे उपकरणं आहेत, आराखडे आहेत, परत आलेल्या हजार दुर्बिणींच्या नोंदी आहेत, पुरावा त्याने आणावा. मी शिकंजा, पट्टी आणि उसनी दुर्बीण घेऊन कुठवर जाणार? आणि ज्याच्याकडे शिकंजासुद्धा नाही, तो?

अर्थात त्या कलमातही एक फट आहे. दोष दिसला तर, असं ते म्हणतं. माझा दोष कंपनीला दिसलाच नाही. म्हणून दोष म्हणजे काय हे आकड्यात आधी ठरलेलं हवं. क्लिकमध्ये किती फरक चालेल हे डब्यावर छापा. अमुक तापमानात, अमुक क्लिक, अमुक वेळा, एवढा फरक. महागड्या दुर्बिणीला कमी छापा, स्वस्त दुर्बिणीला जास्त छापा, स्वस्तातला गिऱ्हाईक समजूतदार असतो, त्याला चार क्लिकची चूक परवडत असेल तर तो डोळसपणे घेईल. आणि परत आलेल्या वस्तूबरोबर काय मोजलं, किती वेळा मोजलं, किती आलं, हे लिहून द्या. "तपासले" हे क्रियापद कर्माशिवाय वापरायला बंदी घाला.

यावर कंपन्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे, आणि ते पोकळ नाही. परत येणाऱ्या दुर्बिणींत ज्यांत काहीच बिघडलेलं नसतं अशा पुष्कळ असतात. रिंगा उलट्या बसवलेल्या, माउंट रायफलीच्या रेलवर घसरणारा, छर्रे जुने. शिवाय काही गोष्टी दोष नसतात, मर्यादा असतात. आमच्याच खेळातलं उदाहरण घ्या: बाजूच्या चाकावरच्या अंतराच्या खुणा सकाळच्या थंडीत आणि दुपारच्या उन्हात एकच दाखवत नाहीत, कारण भिंगं आणि धातू तापमानाने बदलतात. त्यासाठी दुर्बीण परत पाठवणारे महाभाग मी पाहिलेत. अशा शंभर तक्रारी वाचून कंटाळलेल्या माणसाला एकशे एकावी तक्रारही तशीच वाटणार, यात आश्चर्य नाही. पत्रांना उत्तर देणाऱ्या त्या व्यक्तींचा मला राग नाही. त्यांच्यासमोर यादी ठेवलेली असते, यादीबाहेर लिहायची मुभा नसते, आणि दुर्बीण त्यांनी बहुधा हातातही धरलेली नसते.

पण हेच कारण उलट्या बाजूने बघा. खोट्या तक्रारी जास्त असतील तर खऱ्या-खोट्याची निवड करणारं साधन जास्त गरजेचं. कंपनीने साधी कृती छापावी: दुर्बीण पक्की धरा, अमुक अंतरावर पट्टी लावा, इतके क्लिक फिरवा, इतक्यापेक्षा जास्त फरक आला तरच आमच्याकडे पाठवा. रिंगा सैल असणाऱ्याला घरीच कळेल की दोष दुर्बिणीचा नाही, कारण शिकंज्यात ती नीट चालेल. निम्मी कुरिअरं वाचतील. ज्याला नाचता येत नाही त्याला अंगण मोजायची पट्टी द्या, तो गुपचूप नाच शिकायला जाईल. पट्टी न देण्यात फायदा एकाचाच, ज्याचं अंगण खरोखर वाकडं आहे त्याचा.

माझ्या दुर्बिणीचं पुढे काय झालं? मी ती दुसऱ्यांदा पाठवली, या वेळी दहा वेळच्या नोंदींचा तक्ता, शिकंज्याचा फोटो आणि मित्राच्या दुर्बिणीचे आकडे जोडून. तक्त्यावर कोणी काही बोललं नाही. पाच आठवड्यांनी एक डबा आला. आत तेच मॉडेल, पण अनुक्रमांक वेगळा, आणि बाजूला एक बारीक चिकटपट्टी: नूतनीकृत. चिठ्ठी नव्हती. माझ्या जुन्या दुर्बिणीत काय सापडलं, स्प्रिंग की सांधा की वंगण, हे मला कोणी कळवलं नाही. म्हणजे कंपनीने मान्यही केलं आणि मान्य केल्याचा कागदही ठेवला नाही. आणि ही जी माझ्या हातात आली, ती कुणाची होती? त्याच्याकडे तिने काय केलं होतं? त्यालाही आधी "स्पेसिफिकेशननुसार" अशी चिठ्ठी गेली होती का? माझी जुनी आता पुसूनपासून, तसल्याच चिकटपट्टीसह, कुणाच्या डब्यात निघाली असेल? त्या माणसाला टिचकी मारायला सांगणारा कोणी भेटेल का?

नवी दुर्बीण मी रायफलीवर चढवायच्या आधी शिकंज्यात लावली. शंभर क्लिक वर, शंभर खाली, दहाऐवजी वीस वेळा. वीसही वेळा २५, वीसही वेळा शून्य. तारीख, तापमान, अंतर आणि चाळीस आकडे एका कागदावर लिहिले, वर तिचा अनुक्रमांक घातला, खाली सही केली आणि डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. पुढेमागे ही विकली तर घेणाऱ्याला तो मिळेल. सरावाला मात्र टरेट फिरवला की बोट आपोआप उचललं जातं, आणि टिचकी मारल्याशिवाय अजून मला ट्रिगर ओढवत नाही.